धक्क्याच्या टोकापुढची रेघ

मागच्या हिवाळ्यात माझा नवरा ब्रॉडी वल्ह्यांची कयाक घेऊन समुद्रावर धुक्यात चार तास भरकटला, तेव्हा आमची टेस तीन आठवड्यांची होती. म्हणून या वेळी जीपीएस मीच निवडणार होते. कयाकवर आणि आमच्या छोट्या मोटारबोटीवरही चालेल असं. पाण्यात पडलं तर तरंगणारं, ओल्या हातमोज्यांनीही बटणं दाबता येणारं. शनिवारी त्याला ब्रूनी बेटाला वळसा घालायचा होता.

केटरिंग गावच्या दुकानातल्या म्हाताऱ्या वॉरिकने दोन यंत्रं तीन दिवस वापरून बघायला दिली. एक पिवळं, एक करडं.

“नवरा निवडताना एवढं पारखलं होतंस?” ब्रॉडी म्हणाला.

“नाही ना. त्याचंच भोगतेय.”

रोज दुपारी टेसला बाबागाडीत घालून मी धक्क्याच्या टोकापर्यंत जाते. पिवळं गळ्यात अडकवलं, करडं बाबागाडीच्या खिशात ठेवलं. घरी येऊन यंत्रांनी नोंदलेल्या वाटेच्या रेघा पाहिल्या. पिवळ्याची टोकापर्यंत जाऊन परत आली होती. करड्याची टोकावर थांबलीच नव्हती. चालण्याच्या वेगाने तीनशे मीटर पाण्यात गेली होती. तिथे अकरा मिनिटं थांबून माघारी आली होती.

“करडं बिघडलंय,” मी वॉरिकला फोन केला.

“अदलाबदल करून बघ, बाई. यंत्राला लगेच दोष नको देऊस.”

दुसऱ्या दिवशी पिवळं बाबागाडीत ठेवलं. आता पिवळ्याची रेघ पाण्यात गेली. तीच जागा. वीस मिनिटं. टोकावर एवढा वेळ उभी राहिल्याचं मला आठवत नव्हतं. पण मी तिथेच उभी होते, असं गळ्यातलं करडं सांगत होतं.

टेसचे लोकरी मोजे मी हुंगले. कोरडे होते. दुधाचाच वास.

बाबागाडीच्या लोखंडानेच काहीतरी होत असणार. तिसऱ्या दिवशी ती घरी ठेवली. टेसला छातीशी बांधलं, दोन्ही यंत्रं गळ्यात घातली. टोकाला पोचले, दहा आकडे मोजले, वळले. घरापर्यंत तिची टाळू हुंगत आले.

ब्रॉडीने दोन्ही पडदे शेजारी ठेवले. “दोन्ही एकच दाखवतायत.”

दोन्ही रेघा त्या जागी गेल्या होत्या. परतीची रेघ एकाही पडद्यावर नव्हती.

“मी तर आलेय घरी,” मी म्हणाले.



मांडीवरच्या टेसने माझं बोट तोंडात घेतलं आणि तोंड वाकडं केलं. ख्रिसमसला, ऐन उन्हाळ्यात, समुद्राचं पाणी पहिल्यांदा चाखून केलं होतं, अगदी तसं.