मागच्या सीटवरची दोन बोटं

"आपा, बघ की! कशी झालीया वेबसाइट?" काशिफने लॅपटॉप पुढे सरकवला, आणि पडद्यावर अब्बांचा हसरा चेहरा पाहताच मुबशिराच्या काळजात चर्र झालं...

फोटो तिच्या ओळखीचा होता. कसबा बावड्यातल्या त्यांच्या दारातच काढलेला. ड्रायव्हिंग शिकवायची गाडी, डाव्या सीटवर अब्बा आणि मागे ती. आता मागची सीट रिकामी होती. पुण्याहून सुट्टीला आलेल्या धाकट्या भावाने तिला सफाईने पुसून टाकलं होतं! खाली ठळक अक्षरं : 'अठ्ठावीस वर्षं, एकही अपघात नाही.' आणि त्याखाली : 'गाडीत तिसरं माणूस नाही. फक्त तुम्ही आणि बादशहा सर.'

"ती खालची ओळ काढ," ती कशीबशी म्हणाली.

"का? त्या ओळीवरच तर बुकिंग यायला लागलंय! शिकणाऱ्याला मागं कुणी बसलेलं आवडत न्हाय. आणि तू तरी किती दिवस फुकट फिरणार, आपा? ह्या सीटपायी दोन स्थळं परत धाडलीस!"

फुकट! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने अब्बांची कडेची दृष्टी गिळली होती. समोरचं दिसे, पण डावीकडून येणारं काहीच दिसत नसे. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो त्या जादा ब्रेकवरचा त्यांचा पाय अजून चपळ होता, दगा दिला होता तो डोळ्यांनी. म्हणून ती मागे बसायची आणि शिकणाऱ्याच्या नकळत अब्बांच्या खांद्यावर बोटं टेकवायची... एकदा म्हणजे सावध, दोनदा म्हणजे ब्रेक! रोज कुणाच्या तरी जिवाशी खेळ चाललाय हे का तिला कळत नव्हतं? पण शिकवणं सुटलं तर अब्बा खचतील, ह्या भयाने ती गप्प राहिली; शिवाय 'काशिफला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील' ही अब्बांची शपथ गळ्यात होतीच.

तिने आशेने खाटेवर बसलेल्या अब्बांकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली.

"राहू दे की ओळ," ते म्हणाले. "पोरानं हौसेनं केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिलं बुकिंग होतं. वर्षाराणी नावाची तरुण नर्स, दोन लेकरांची आई. गाडीत बसताना ती उत्साहाने बोलत होती, आणि तिचं ते मोकळं हसू मुबशिराला बघवेना.

"येऊ का, अब्बा?"

"नको. साइटवर लिवलंय तसंच हुईल." गाडीच्या दाराची मूठ त्यांना दुसऱ्या चाचपणीत सापडली.

काशिफला साइटसाठी व्हिडिओ हवा होता. तो स्कूटरवर मागे बसला आणि मुबशिराने गाडीची पाठ धरली. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. रस्त्यावर उसाची चिपाडं पडलेली, हवेत मळीचा उग्र दर्प आणि धुकं. पुढची गाडी अडखळत, हिसके देत चालली होती. प्रत्येक फाट्यावर मुबशिराची बोटं आपसूक उचलली जात आणि हवेतच राहत. या अल्लाह, एवढा तास सुखरूप जाऊ दे...!

आणि डावीकडच्या फाट्यावरून उसाने लादलेला ट्रॅक्टर निघाला. दोन ट्रॉल्या मागे, थांबणं त्याच्या हातात नव्हतं. मागच्या काचेतून दिसलं, घाबरलेल्या वर्षाराणीची मान गिअरकडे झुकली होती. अब्बा शांतपणे समोर बघत होते!

मुबशिराने हॉर्न दाबला. दोनदा. तुटक.

अब्बांचा पाय विजेसारखा पडला. गाडी करकचून थांबली, आणि उसाचे शेंडे काचेला घासत ट्रॉली पुढून निघून गेली.

वर्षाराणी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती. अब्बा खाली उतरले.

"अब्बा, ट्रॅक्टर दिसला न्हाय तुमास्नी?" काशिफ ओरडला.

"डावीकडचं दोन वर्सं झाली दिसत न्हाय, पोरा... तुझी आपाच माझी नजर हुती. आणि मी मिजाशीपायी तिला गाडीत घेतलं न्हाय. आज लेकरांची आई मारली असती मी!" त्यांनी वर्षाराणीपुढे हात जोडले. "माफ कर, बाई."

काशिफने मोबाइलवर तो मूळ फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. अब्बांच्या डाव्या खांद्यावर आपाची दोन बोटं होती! कापताना त्याला ती नुसती माया वाटली होती.

"आपा... मी तुला फुकटी म्हणालो गं!" तो लहान पोरासारखा तिच्या गळ्यात पडला. तिने त्याचं डोकं थोपटलं.

"'एकही अपघात नाही' ते आधी पूस," अब्बा म्हणाले. "आणि शिकवणारी म्हणून तुझ्या आपाचं नाव घाल. तिच्या शिकवायच्या परवान्याची कागदं आजच द्यायची. तवर क्लास बंद."

मग त्यांनी किल्ली मुबशिराच्या हातात ठेवली, चाचपत मागचं दार उघडलं आणि तिच्या जागेवर जाऊन बसले.