कोमट कुंड

इचलकरंजीबाहेरचा जुन्या कपड्यांचा ढीग जळायचा थांबला, तो डॉ. बाबगोंडा मगदुमांच्या विघटनकुंडामुळे. आता कुंडच बंद पडायची वेळ आली होती. पॉलिस्टर खाऊन त्याचा पुन्हा मूळ रस करणारा ‘धागाभक्षी’ जिवाणू मगदुमांनी घडवला खरा, पण स्वारीला सत्तर अंशांचं पाणी लागे. बॉयलर जळण गिळत होता. कंपनीनं सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत कोमट पाण्यात काम जमवा, नाहीतर कुलूप.

कुलूप म्हणजे पुन्हा ढीग आणि पुन्हा तो धूर. मगदूम थकले होते. दोन वर्षांपूर्वी छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी तिथं विणलेली नळी बसवली होती. “यंत्रमागाच्या गावचा माणूस, आतूनही कापडाचाच,” असं ते ज्याला त्याला सांगत.

खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे यंत्रं थांबली, बॉयलरही विझला. मगदुमांनी कुंडावर लाल पॉलिस्टरचं वस्त्र घातलं, झेंडूची माळ वाहिली, नारळ फोडला. करवंटीनं अंगठा चांगलाच कापला. त्यांनी त्यावर हळद दाबली.

दसऱ्याची सुट्टी संपवून ते परतले, तर वस्त्र घसरून कुंडात पडलेलं. त्यांनी हात घालून चाचपलं. हाताला फक्त माळ लागली. पाणी नुसतं कोमट होतं आणि वस्त्राचा मागमूस नव्हता.

जिवाणूतज्ज्ञ नसीमा मुल्लाणी यांनी तपासणीला तीन दिवस घेतले. त्या खोलीत आल्या तेव्हा मगदूम शाल पांघरून बसले होते.

“बॉयलर बंद, तरी हा जिवाणू मेला कसा नाही?” मगदुमांनी विचारलं.

“बहुतेक मेलेच, सर. पण लाखात एखादा कोमटातही तगला. वस्त्र आयतं त्याच्या एकट्याच्या ताटात पडलं. आता कुंडात सगळी त्याचीच पिलावळ आहे. सदतीस अंशांना झकास काम करते.”

“म्हणजे कुलूप टळलं,” मगदूम म्हणाले. इतक्या वर्षांनी मिळालेल्या या वाक्याचा आनंद करायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं. “कणकण आहे जरा परवापासून. दगदग झाली असेल.”

नसीमाबाई त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

“सर, गरम पाण्याबाहेर तो जगत नाही, म्हणून आपण कधी हातमोजे घातले नाहीत. पण सदतीस अंश म्हणजे माणसाचं अंग. तुमची नळी कशाची आहे?”

मगदुमांनी शाल बाजूला केली. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं: पॉलिस्टरची.

“प्रतिजैविकं घेतो की,” ते म्हणाले.

“दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून कुंडात आपण तीच ओततो, सर. ती पचवायला याला आपणच शिकवलं. दवाखान्यातली बहुतेक सगळी.”

“आणि हा ताप?”

“उष्णता वाढली की तो जास्त जोमानं खातो. मला भीती वाटतेय सर.”

“मलाही वाटतेय,” मगदूम म्हणाले. “गावात माझ्यासारखे नळीवाले, हर्नियाला जाळी बसवलेले किती असतील. बॉयलर पेटवायला सांगा. झाकण आवळून पाणी शंभराच्या वर न्या. एकही उरता कामा नये.”

“मग दिवाळीला कुलूप लागेल.”

“लागू दे.”

नसीमाबाईंनी डोळे पुसले आणि खाली निरोप दिला. थोड्या वेळानं कुंडाखाली घरघर सुरू झाली. मगदूम ती ऐकत बसले. आयुष्य या कुंडात गेलं होतं.

“आता मिरजेला फोन लावा,” ते म्हणाले. “नळी आजच काढायची म्हणावं. दुसरी कसलीही बसवा, फक्त कापडाची नको.”