एका घरातले दोघं नकोत

आमचं लग्न झालं. हे वाक्य तुम्ही वाचलं नाही, मी लिहिलं नाही आणि पाळकसाहेबांनी तर आशीर्वादाला हातसुद्धा वर केला नाही. कारण लग्न झालं म्हटलं, की नियम सात लागू होतो.

आमच्या खोऱ्यात तीन मेथडिस्ट चर्च: वरचं, मधलं, खालचं. तिन्हींची मिळून एक सेवा समिती. मी वरच्या चर्चची नर्स. मधल्या चर्चच्या मागच्या खोलीतला बुधवारचा दवाखाना चार वर्षं मीच चालवते आणि समितीत भांडून टिकवतेही. नाहीतर गायनमंडळाला ती खोली झगे टांगायला हवीच आहे.

एका बुधवारी आत शिरले, तर बेसिनखालून दोन पाय बाहेर. मी वाकून नाडी शोधली... पायाची.

"जिवंत आहे हो," पाय म्हणाले. "खालच्या चर्चचा प्लंबर. समितीवर नवीन आलोय."

बाहेर आल्यावर त्याचं ब्लडप्रेशर घेतलं. सवय, दुसरं काय.

"जास्त आहे."

"हात सोडून बघा ना... उतरेल."

मी सोडला नाही. तपासणी अर्धवट सोडणं बरं नव्हे.

त्यानंतर त्या बेसिनचा नळ दर बुधवारी गळायचा.

"कसले प्लंबर तुम्ही? एका नळाला तीन महिने?"

"नळ पहिल्याच दिवशी झाला होता," तो पान्याकडे बघत पुटपुटला. "मीच दर मंगळवारी सैल करून जातो... समितीपुढे एक विषय मांडू का?"

"कोणता?"

"आपला."

"आधी माझ्यापुढे तर मांडा!"

मांडला. कान लाल, हातात पाना. एकमताने मंजूर.

लग्नानंतरच्या पहिल्याच सभेत पाळकसाहेबांनी नियम सात वाचला: एका घरातले दोघं समितीवर नकोत. पूर्वी एका बापाने दोन मुलांची मतं जोडून गावाची पाण्याची टाकी स्वतःच्या अंगणात बसवली होती, त्याची ही शिक्षा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"सूनबाई, आता घराकडे बघा," गायनमंडळाचे काका गोड हसले. "खोलीचं आम्ही बघतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लशींचा डबा खांद्याला लावून चार वर्षं डोंगर चढले मी! आणि याने काय केलं? एक नळ. तोही सैल!

"समितीवरून मी उतरतो," नवरा उठला.

"छे! पुरुषमाणसाने उतरायचं?" काका म्हणाले. "शिवाय नळ गळतोय."

"नळ मीच सैल करतो!"

"बघा," काका गहिवरले, "किती प्रामाणिक! असा माणूस घालवायचा?"

टेबलाखाली त्याने माझा हात घट्ट धरला आणि टेबलावरून कोरा कागद सरकवला. "अर्ज लिही तू. मीपण सही करतो."

तरी माननीय समितीस नम्र विनंती, की दर महिन्याच्या सभेचे दोन तास आम्ही उभयता नवरा-बायको नसल्याचा दाखला तीन प्रतींत देण्यात यावा. दाखला मिळेपर्यंत दवाखान्याची किल्ली अर्जदार बाईंच्या पर्समध्ये राहील. सभा संपताच लग्न आपोआप पूर्ववत सुरू होईल. त्यासाठी वेगळा अर्ज मागू नये.