बाविसाव्या ओळीनंतर

माझी बायको नवसाबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी नाशिक रोडला जावास्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या भाषेच्या क्लासला जाऊ लागली. आमची सृष्टी पुण्यात वेबसाइटचं काम करते. "पोरगी दिवसभर काय करते ते मला कळू द्या की," असं तिचं म्हणणं. घरी आली की वही उघडून मला सांगायला बसायची. मी पेपर वाचत "हं" म्हणायचो.

संध्याकाळी ती मुक्तिधामच्या देवळापर्यंत फिरायला जायची. फाटकातून विचारायची, "अहो, येताय ना?"

"तू हो पुढं," मी म्हणायचो.

फेब्रुवारीत एक दिवस ती अशीच पुढं झाली आणि रस्त्यात कोसळली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा संपलं होतं. त्या दिवशी "आलो" म्हणालो असतो तर, एवढंच डोक्यात राहिलं.

जूनपासून मी तिच्या जागेवर क्लासला बसू लागलो. ती काय सांगत होती ते ऐकायचं राहिलं होतं.

"नवसाताई प्रश्न विचारून जीव खायच्या," दिनेश सर म्हणाले. "काका, तुम्ही तर बोलतच नाही."

"घरीपण तीच बोलायची."

सर चांगलं शिकवतात. व्हेरिएबल म्हणजे नाव चिकटवलेला डबा. फंक्शन म्हणजे एखादं काम लिहून ठेवणं. "पण लिहिलं म्हणजे झालं नाही. त्याला नावानं हाक मारली तरच ते उठतं. नाहीतर पडून राहतं."

तिच्या लॅपटॉपवर एकच फाइल होती. बावीस ओळी. मी एकतीस वर्षं छापखान्यात छापलेले कागद तपासले, मोजायची सवय आहे. शेवटी एक फंक्शन होतं आणि त्याचं नाव होतं वाल्मीक.

ते माझं नाव. लग्नातल्या उखाण्यानंतर चौतीस वर्षांत तिनं ते घेतलं नव्हतं. दवाखान्यात फॉर्म भरतानासुद्धा नर्सला माझं आधार कार्ड दाखवायची. इथं मात्र तिनं ते स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं. फंक्शनच्या आत एकच काम होतं, पानावर चौकट आणून विचारायचं, "अहो, येताय ना?" खाली दोन बटणं, "ठीक आहे" आणि "रद्द करा". पण हाक मारणारी ओळ नव्हती.

"ही चूक सगळेच करतात," सर म्हणाले. "खाली नाव आणि कंस टाका. चालेल."

"मीच माझं नाव टाकू?"

"मग काय शेजारी येऊन टाकणार?" सर हसले.

मी टाकलं नाही. हाक तिनं मारायची होती.

रोज पाच वाजता मी ते पान उघडायचो. पांढरंच असायचं. थोडा वेळ बघायचो आणि बंद करायचो.

या सोमवारी चौकट आली.

मी दचकून "रद्द करा" दाबलं. मग फाइल उघडली. तेविसावी ओळ होती. माझं नाव, कंस, अर्धविराम.

सृष्टीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, तो लॅपटॉप नेटला जोडलेलाच नाही. मी इथून काय करणार? तुम्हीच लिहून विसरला असाल."

तसं असू शकतं. मी ओळ पुसली, बावीस मोजल्या, लॅपटॉप कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली.

मंगळवारी चोवीस ओळी होत्या. तिनं दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी रद्द केलं, दुसऱ्यांदा कुठलंच बटण दाबलं नाही. मशीनच बंद केलं.

आज माझ्या नावाभोवती एक नवी ओळ होती. सरांनी ती गेल्याच आठवड्यात शिकवली. उत्तर होकारार्थी येईपर्यंत परत परत विचारत राहा, असा तिचा अर्थ.

अहो, येताय ना?

रद्द केलं. परत आली.

रद्द केलं. परत आली.

जिवंतपणी तिनं कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

मी "ठीक आहे" दाबलं.

चौकट गेली. पान पांढरं झालं. फाइलमध्ये खाली एक ओळ आली होती, दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारी. अशी ओळ मशीन वाचत नाही. ती फक्त माणसासाठी असते.

// गॅस बंद करून या. मी फाटकात आहे.

मी स्वयंपाकघरात गेलो. शेगडीवर काही नव्हतं. बारीक निळी ज्योत चालू होती. मी बटण फिरवलं, ती विझली.

सृष्टी, हे मी वहीत लिहून ठेवतोय. लिहून होईपर्यंत ती थांबली आहे. गॅस बंद केला आहे. सिलिंडर मार्चमध्येच परत दिला, नळी लोंबतेय, म्हणून तुला खोटं वाटेल. बर्नरला बोट लावून बघ. पण जपून, भाजेल.