मास्तरांनी सांगितलेलं माप

शिंप्याचं सगळं आयुष्य मापावर चालतं, मास्तरांचंही तसंच चाललं होतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याचा खांदा आणि कंबर त्यांना टेप न लावताच कळायची, आणि पोट सुटलेल्यालाही ते खरं माप तोंडावर सांगायचे. त्यापायी काही गिऱ्हाइकं तुटली, पण मास्तरांचं माप खोटं निघालं असं कधी कुणी म्हटलं नाही. म्हणूनच हीटरच्या दुकानात जे झालं त्याची त्यांना जास्त लाज वाटत राहिली.

हीटर हवा होता आईसाठी. थंडी पडल्यापासून म्हातारी आंघोळीला नाना सबबी सांगायची. पाणी कितीही कढत असलं तरी एक तांब्या ओतून दुसरा घेईपर्यंत दात वाजतात, म्हणायची. बाथरूम म्हणजे तरी काय, मागच्या खोलीचा कोपरा भिंत घालून वेगळा काढलेला. आत उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकत.

दुकानदार भला माणूस होता. जमिनीवर ठेवायचा हीटर बाथरूमला नकोच, त्यानं समजावलं. भिंतीवरचा घ्या, उंच लावा, बटण बाहेर ठेवा, त्याच्यावर टॉवेल वाळत घालू नका, वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या.

"आणि मुख्य म्हणजे पाण्यापासून लांब. ओला हात पोचता कामा नये, मास्तर. बाथरूम केवढी आहे तुमची?"

मास्तर तोंड उघडणार तोच खांद्यावर हात पडला. व्याही होते. मास्तरांच्या मुलाचं लग्न नुकतंच त्यांच्या मुलीशी ठरलं होतं, आणि त्यांच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात मास्तरांचं अख्खं घर मावलं असतं. मुलीकडच्यांनी अजून हे घर आतून पाहिलं नव्हतं. बैठक हॉटेलात झाली होती, ती मास्तरांनीच तशी ठरवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

व्याही हसत उत्तर ऐकायला उभे राहिले.

"चांगली ऐसपैस आहे," मास्तर म्हणाले.

ऐसपैस म्हणजे केवढी, दुकानदारानं विचारलं. मास्तरांनी दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हात फिरवला. आपलाच हात आहे की दुसऱ्या कुणाचा, असं त्यांना वाटलं.

"साधारण एवढी."

व्याही 'वा' म्हणाले. दुकानदारानं वरच्या फळीवरून सगळ्यात मोठा हीटर काढला.

दुकानाच्या वायरमनला मास्तरांनी नको म्हटलं. तो आला असता आणि दुकानात जाऊन बोलला असता. त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक शोधून आणला. तो आत डोकावून हसला. एवढ्याशा खुराड्यात हे धूड कशाला, म्हणाला, इथे पाण्यापासून लांब अशी भिंतच नाही. शेवटी त्यानं तो दाराच्या वर बसवला, बटण बाहेर काढलं आणि जाताना बजावलं, की आजींनी आंघोळ करताना हात वर केला तर सरळ हीटरला लागेल. मास्तरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आई आत गेली तेव्हा ते दाराला कान लावून बसले होते.

आई तांबूस होऊन बाहेर आली.

"छान ऊब आहे रे. आणि लांब लावलास ते बरं केलंस. माझा हात काही तिथवर पोचायचा नाही."

म्हातारपणाचं बोलणं, मास्तरांनी मनात म्हटलं. त्यांना हायसंही वाटलं.

मग एकदा ती म्हणाली, टॉवेलपाशी चालत जाईपर्यंत अंग वाळतं. मग आतून येणारा तांब्याचा आवाज घुमायला लागला, रिकाम्या गोदामात घुमतो तसा. हीटर बंद असताना मास्तरांनी दार उघडं टाकून टेप लावली. माप तेच होतं. मग त्यांनी हीटर चालू केला, स्वतः आत जाऊन दार ओढून घेतलं आणि हात पसरले.

दोन्ही हात हवेतच राहिले.

बाहेर येऊन ते मशीनपाशी बसले. हीटर परत करायला हवा होता. पण मग दुकानदार कारण विचारणार, खरं माप सांगावं लागणार, आणि ते व्याह्यांच्या कानावर जाणार. आणि नाही म्हटलं तरी आईचा हात आता हीटरला पोचत नव्हता, आंघोळही ती रोज करत होती. लग्न पार पडू दे, मग सांगू, असं मास्तरांनी ठरवलं. एवढं ठरवताना त्यांना स्वतःचं तोंड आरशात बघवेना.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली आणि दारात व्याही उभे राहिले. इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावू, म्हणाले. त्यांची नजर खोलीभर एकदाच फिरली आणि मास्तरांचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून व्याह्यांनी पेपर उचलला. मास्तर मागच्या खोलीत आले. आईला नेहमीपेक्षा खूपच वेळ लागला होता.

"आई, झालं का?" ते हळूच म्हणाले.

"येतेय रे." आवाज मैदानापलीकडून आल्यासारखा बारीक होता. "दार बरंच लांब आहे. हीटर बंद करू नकोस हं. उजेड त्याचाच आहे, त्याच्याकडे बघत येतेय."

खरं माप मोठ्यानं सांगावं, मास्तरांना वाटलं. आई, खोली एवढीशीच आहे, दोन पावलं टाक, म्हणावं. बस, एवढंच.

मागे पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. व्याही उंबऱ्यात उभे होते.

"हात धुवायचे होते. आणि तुमची ती ऐसपैस बाथरूम बघू तरी."

मास्तरांचा हात बटणाकडे गेला.

बोटानं ते दाबलं, हीटर बंद झाला. खोली लहान होईल, आई दारात उभी असेल.

मास्तरांनी दार बोटभर उघडलं.

हात पसरले तर टेकतील अशा दोन भिंती. ओला पाट. खुंटीवर टॉवेल. बादलीत तांब्या अजून गोल फिरत होता.

आत कुणी नव्हतं.

त्यांनी दार लावून घेतलं आणि ते त्याला पाठ टेकून उभे राहिले.

"आजी आहेत वाटतं आत?" व्याह्यांनी विचारलं.

मास्तरांनी बटण पुन्हा दाबलं.

"हो," ते म्हणाले. "ऐसपैस आहे ना. वेळ लागतो."

व्याही मान हलवून बाहेर जाऊन बसले. दाराखालून ऊब यायला लागली. मग खूप लांबून ओल्या पावलांचा आवाज आला, आणि मास्तर कान देऊन ऐकत राहिले.

तो दाराकडे येत नव्हता.