जिन्याचा घाम

सकाळी ११ वाजून ६ मिनिटांनी चाचणी-कक्षाचे दार बंद झाले. आत विश्राम देवतळे, वय त्रेसष्ट, पर्यवेक्षक परवाना क्रमांक २१८. बाहेर परीक्षक इंदुमती घाटोळे आणि परवाना मंडळाच्या अशासकीय सदस्य अ‍ॅडव्होकेट हेमलता सोनटक्के. नोंदवहीत एवढेच आहे आणि ते अचूक आहे.

२०७१ साली नागपुरात कुलूप-किल्लीची इमारत शोधून सापडली नसती. कार्डे हरवत, बोटांचे ठसे चोरले जात, चेहऱ्यांच्या नकला होत. म्हणून शेवटी गंधदारे आली. प्रत्येक माणसाच्या कातडीतून काही शे रसायने सतत उडत असतात. त्यांचे प्रमाण ज्याचे त्याचे असते, जुळ्या भावंडांचेही वेगळे. दाराच्या चौकटीतले संवेदक हा गंधठसा हुंगतात आणि माणूस ओळखतात. खिशात काही बाळगायला नको, काही पाठ करायला नको. नुसते दारासमोर उभे राहायचे.

खोट एकच होती. माणूस भेदरला की त्याचा घाम बदलतो. नेहमीच्या मिश्रणात भीतीचे रेणू मिसळतात आणि दाराला तो परका वाटू लागतो. आग लागलेल्या खोलीतला माणूस ज्या दारापाशी धावतो, ते दार नेमके त्याच वेळी त्याला ओळखत नाही.

"मग धोक्याची घंटा वाजली की दार सगळ्यांनाच उघडावं," सोनटक्के म्हणाल्या. त्या मंडळावर नव्या होत्या. परीक्षेला तांत्रिक ज्ञान नसलेला एक साक्षीदार हवा, असा नियम होता, आणि त्या तो मनापासून पाळत होत्या.

"पूर्वी उघडायचं. मग चोर आधी घंटा वाजवायला शिकले," इंदुमती म्हणाली. "म्हणून द्वारसंहितेत कलम चौदा आलं. घंटा वाजल्यावर दाराने ओळखीची अट सैल करायची. किती सैल, ते बसवून घेणाऱ्या पर्यवेक्षकाने ठरवायचं. आणि ठरवायचं ते खरोखर घाबरलेल्या माणसाला आत उभं करून."

"खरोखर? सांगून कोणी घाबरतं का?"

"नाही घाबरत. म्हणून तर सगळे जिन्याचा घाम वापरतात."

सोनटक्क्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ते काय?"

इंदुमतीने काचेपलीकडे बोट दाखवले. कक्षात देवतळे रुमालाने मान पुसत होता. दार त्यानेच सकाळी स्वतःच्या पद्धतीने बसवून दिले होते. परीक्षेची रीतच तशी होती. आत जाण्यापूर्वी तो तीन मजले धावत चढला होता आणि धापा टाकत म्हणाला होता, "परवाना टिकवायचा तर गुडघे झिजवावे लागतात जी, मॅडम."

"बांधकामावर कुणाला घाबरवत बसायला वेळ नसतो," इंदुमती म्हणाली. "मग पर्यवेक्षक स्वतःच जिना चढतो, घामाघूम होतो, आत उभा राहतो. दार उघडतं. तो सही करतो. पण धावण्याचा घाम आणि भीतीचा घाम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. धावलेल्या माणसाला दार सहज ओळखतं."

"आणि मंडळ हे चालू देतं?"

"इतकी वर्षं दिलं."

तिने अर्ज पुढे ओढला. 'परीक्षकाचे उमेदवाराशी नाते किंवा पूर्वसंबंध' या रकान्यात तिच्या स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलेले होते. देवतळेशी तिचे काही नाते नव्हते. ती त्याला आज पहिल्यांदा भेटत होती.

तिच्या भावाची आणि देवतळेची मात्र तेवढीही भेट झाली नव्हती. सुधन्वा टेंभेकर जिल्हा अभिलेखागारात जुने नकाशे सांभाळत असे. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी, चार वाजून बारा मिनिटांनी, तारेतल्या बिघाडाने तिथली आगप्रतिबंधक यंत्रणा सुटली आणि खोलीत नायट्रोजन भरू लागला. कागद वाचावेत म्हणून हवेतला प्राणवायू कमी करायचा, अशी ती योजना. सुधन्वा देवतळेने बसवलेल्या दारापाशी गेला. दाराने त्याला ओळखले नाही. आठ मिनिटांत तो गेला. माणसाचा घाम थांबला की हवेतले भीतीचे रेणू दहा-अकरा मिनिटांत विरतात आणि त्याचा मूळ गंध तेवढा उरतो. चार वाजून एकतीस मिनिटांनी दाराने सुधन्वाला ओळखले आणि ते आपण होऊन उघडले.

माणसे पोचली तेव्हा दार सताड उघडे होते. चौकशी समितीने देवतळेच्या चाचणीचा दाखला पाहिला, दाराची नोंद पाहिली आणि लिहिले: 'दार सुस्थितीत होते. मृत व्यक्तीने उघड्या दारातून बाहेर पडण्याचा प्रयत्न का केला नाही, हे स्पष्ट होत नाही.'

त्या एका वाक्याने घर पोखरले. आई रोज विचारी, "इंदू, त्याला काही दुःख होतं का गं? तुला काही बोलला होता?" इंदुमती अत्तराच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. घाम काय करतो ते तिला कळत होते. ते तिने आईला शंभर वेळा समजावले. आई मान हलवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. तसेच विचारत ती गेली. त्यानंतर इंदुमतीने नोकरी सोडली, द्वारसंहितेची एकशे बारा कलमे तोंडपाठ केली, परीक्षकाची परीक्षा दिली आणि वाट पाहिली. पर्यवेक्षकाचा परवाना दर दहा वर्षांनी नवा करावा लागतो, हे कलम एकसष्ट.

पडद्यावर देवतळेचा भयांक दिसत होता: बारा. भीतीच्या रेणूंचे हे शंभरपैकी मोजमाप.

"बारा म्हणजे?" सोनटक्के.

"म्हणजे मजेत आहे. साठच्या वर गेल्याशिवाय चाचणी ग्राह्य नाही. आजवर कुणी हा आकडा बघितलाच नाही. मी बघणार आहे." तिने ध्वनिक्षेपकाचे बटण दाबले. "देवतळे, ऐकू येतंय?"

"स्पष्ट. वाजवा घंटा, मॅडम. जेवायच्या आत घरी पोचतो."

"माझं माहेरचं आडनाव सांगू?"

तो हसला. "सांगा की. पत्रिका जुळवायची आहे का कुणाची?"

"टेंभेकर."

रुमाल मानेवरच थांबला. बारा. एकोणीस. एकतीस.

"अभिलेखागारातला सुधन्वा माझा धाकटा भाऊ."

सोनटक्के खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "घाटोळे मॅडम, हे तुम्ही अर्जात..."

"बसा. कलम चौदा आठवा. माणूस खरोखर घाबरलेला हवा."

"मॅडम," देवतळेचा आवाज खाली आला होता, "त्याची रीतसर चौकशी झाली. दार उघडं सापडलं होतं."

"चार एकतीसला उघडलं. तो चार वीसला गेला होता. तुम्ही शपथेवर सांगितलंत की घाबरलेल्या माणसाला ते दार उघडतं. आज तेच दार आहे, तुमच्याच हाताने बसवलेलं. हात लावा आणि बाहेर या. मी भर कचेरीत तुमची माफी मागेन."

चव्वेचाळीस.

"आणखी एक. सकाळी तुम्हाला सांगितलं होतं, इथल्या नायट्रोजनच्या टाक्या रिकाम्या आहेत. काल संध्याकाळी मी त्या भरून घेतल्या."

तिने घंटा सुरू केली. ११ वाजून १२ मिनिटे.

टाक्या रिकाम्याच होत्या. पण भीतीला टाकी भरलेली लागत नाही. अठ्ठावन्न. सहासष्ट. एकोणऐंशी. गंध जवळून पोचावा म्हणून देवतळेने चौकटीतल्या संवेदक-पट्टीवर तळवा ठेवला. पट्टी लाल झाली. त्याने तळवा सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवला. लाल. पुसल्याने काही होत नाही हे त्याला चाळीस वर्षे ठाऊक होते. तरी तो पुसत राहिला.

"नोंद करा," इंदुमती म्हणाली. "अकरा तेरा. भयांक एकोणऐंशी. दाराने उमेदवाराला ओळखलं नाही."

सोनटक्क्यांनी लिहिले. "झालं सिद्ध. तुमचं बरोबर होतं. आता उघडा."

"अजून थोडं."

"किती थोडं?"

"माझ्या भावाला आठ मिनिटं मिळाली होती."

आतून आवाज येत होते. आधी तो शिव्या देत होता. मग "ताई" म्हणू लागला. "ताई, तीनशे चाळीस दारं बसवली मी, सगळे असंच करतात. एकट्या मलाच का?" मग म्हणाला, "त्याचं नाव मला माहीत नव्हतं, देवाशपथ. मला फक्त दाराचा नंबर माहीत होता." हे वाक्य इंदुमतीच्या मनात कुठेतरी जाऊन बसले, पण ती घड्याळाकडे पाहत राहिली. नऊ वर्षांत तिला पहिल्यांदाच पोटभर जेवल्यासारखे वाटत होते.

बरोबर ११ वाजून २० मिनिटांनी तिने घंटा बंद केली. उठून दारापाशी गेली आणि बाहेरच्या पट्टीवर तळवा ठेवला. या कक्षाच्या यादीत दोनच गंधठसे होते, तिचा आणि उमेदवाराचा.

पट्टी लाल झाली. 'ओळख पटली नाही. भयांक ७१.'

"काय झालं?" सोनटक्के.

इंदुमतीने तळवा पाहिला. कोरडा वाटत होता. पुन्हा ठेवला. लाल.

"मी घाबरलेले नाही," ती म्हणाली.

"मग?"

उत्तर तिला माहीत होते. ते पाठ्यपुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात होते, आणि तिने स्वतः उमेदवारांना ते विचारले होते. माणूस चवताळला काय नि भेदरला काय, शरीर एकच रसायन सोडते. दाराला राग आणि भीती यांतला फरक कळत नाही.

"किल्ली असेल ना? हाताने उघडायची?"

कलम बावीस: संकटकाळासाठी प्रत्येक गंधदाराला बाहेरून लागणारी एक साधी किल्ली असावी आणि ती दाराशेजारच्या पेटीत ठेवावी. पेटी होती. तिच्यात किल्ली नव्हती. बांधकामावरचे पर्यवेक्षक इमारतीचा ताबा देईपर्यंत किल्ली स्वतःपाशीच ठेवतात; पेटीत ठेवली की कामगार ती हरवतात. सवयीने देवतळेने ती कंबरेच्या जुडग्यात अडकवली होती. तो आत शिरताना इंदुमतीने जुडगा पाहिला होता आणि काही बोलली नव्हती. अभिलेखागाराची किल्लीही, ताबा देऊन झाल्यावरही, त्या दिवशी अशीच त्याच्या कंबरेला होती. तिला सगळे तसेच्या तसे हवे होते.

सोनटक्क्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला. दार कापायला यंत्र आणावे लागेल. पंचवीस मिनिटे लागतील, असे उत्तर आले.

"देवतळे," इंदुमती ध्वनिक्षेपकात म्हणाली, "टाक्या रिकाम्या आहेत. मी खोटं बोलले. हवा आहे तशीच आहे. खाली बसा. हळूहळू श्वास घ्या. शांत झालात की दार उघडेल."

"तुम्ही... आत्ता खोटं बोलताय की मघाशी?" त्याने विचारले.

"मघाशी," ती म्हणाली.

"माझ्या छातीत..." तो म्हणाला. मग काचेखाली, नजरेआड, भिंतीला घासत काहीतरी खाली गेले. जुडगा फरशीवर वाजला. ११ वाजून २४.

इंदुमतीने डोळे मिटले. शांत व्हायचे होते. तिने आईचा चेहरा आठवला आणि पट्टी लाल झाली. सुधन्वाचा आठवला, लाल. शंभरापासून उलटे आकडे मोजले. लाल, भयांक ८३. या वेळी तो राग नव्हता.

"बोला ना त्याच्याशी," सोनटक्के म्हणाल्या.

"देवतळे. विश्रामभाऊ."

पडद्यावर त्याचा भयांक उतरू लागला होता. सत्तर. एक्कावन्न. सत्तावीस.

"उतरतोय," सोनटक्के म्हणाल्या. "बरं आहे ना हे? शांत होतोय ना तो?"

इंदुमती आकड्याकडे पाहत राहिली. स्वतःला सावरून बसलेल्या माणसाचा भयांक असाच उतरतो. आणि दुसऱ्या एका माणसाचाही असाच उतरला होता; त्या दुपारची नोंद तिला मिनिटागणिक पाठ होती.

११ वाजून ३४ मिनिटांनी पट्टी हिरवी झाली. 'ओळख पटली: विश्राम देवतळे. भयांक ९.' दार आपण होऊन सरकले.

सोनटक्के धावत आत गेल्या. इंदुमती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, हातात अर्ज.

"हेमलताताई," तिने हाक मारली. "श्वास?"

अर्जावर शेवटचा रकाना आहे: 'उमेदवार दारातून स्वतः बाहेर आला काय? होय / नाही.' ११ वाजून ३६ मिनिटांपर्यंत तो कोरा आहे.