आरशातली भिंत

मुलीच्या रोजच्या चपला तिच्या कामाच्या जागच्या कपाटात होत्या. म्हणजे ती घरी गेलेलीच नव्हती.

ऑपरेटर त्या चपला हातात घेऊन उभा राहिला. जन्मभर थिएटरात प्रोजेक्टर चालवला म्हणून सगळे त्याला ऑपरेटरच म्हणत. थिएटर बंद पडलं, नाव तेवढं राहिलं. बायको गेल्यापासून घरात तो आणि ही एकुलती एक लेक. काल संध्याकाळपासून तिचा पत्ता नव्हता.

लेक या थीम पार्कमध्ये सजावट करायची. जुन्या भयपटांवरून इथे भूतघरं उभी राहत. पडद्यावर पाहिलेल्या बंगल्यातून लोकांनी स्वतःच्या पायांनी चालायचं आणि हौसेने बोंबलायचं. हे घर एका कृष्णधवल सिनेमाचं होतं, त्यामुळे आत भिंती, खुर्च्या, फुलदाणीतली फुलंसुद्धा करडी. आज चार वाजता उद्घाटन होतं. आता अडीच वाजले होते.

त्याच्या तक्रारीवरून आलेल्या इन्स्पेक्टर बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना घाई नव्हती. तीस वर्षांची मुलगी, पर्स जागेवर नाही, फोन बंद, म्हणजे गेली असेल मैत्रिणीकडे, असं त्यांचं म्हणणं. ऑपरेटरने चपला पुढे केल्या. आत काम करताना ती रबरी बूट घालते, जाताना ते काढून ठेवते, हे त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फुटला, तेव्हा बाई उठल्या.

भूतघराच्या प्रमुखाला सगळे सर म्हणत. सरांच्या केबिनमध्ये टेबलामागे भिंतभर एक फोटो होता, सिनेमातल्या दिवाणखान्यातला आरसा. आरशात समोरच्या भिंतीचा वेलीच्या नक्षीचा कागद दिसत होता, सगळ्या वेली उजवीकडे कललेल्या. हा सिनेमा आपण दोनशे वेळा पाहिलाय, असं सर न विचारता सांगत.

"शेवटचं कधी पाहिलंत तिला?" बाईंनी विचारलं.

"काल सातला. मागच्या गेटने गेली."

"भांडण?"

"छे हो. दमली होती बिचारी."

ऑपरेटरला हे पटेना. आठ दिवस लेक घरी एकाच गोष्टीवर धुमसत होती. दिवाणखान्याच्या चौथ्या भिंतीत तिने संकटकाळी बाहेर पडायचं दार ठेवलं होतं आणि सरांना ते नको होतं. सिनेमात त्या भिंतीला दार नाही, मग मी का लावू, असा त्यांचा हट्ट. ते दार नसेल तर उद्घाटन होऊ देणार नाही, असं लेकीने त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"दार रद्द झालं," सर म्हणाले. "तिनेच रद्द केलं. मागे भरीव भिंत आहे."

लेक एखादी गोष्ट अशी सोडणारी नव्हती. पण बापाचं मन म्हणजे काही पुरावा नव्हे, हे बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ऑपरेटरने हात जोडले. ती खोली एकदा दाखवा, म्हणाला.

आत किंकाळ्यांनी कान किटत होते. धुराचं यंत्र सांभाळणारा माणूस, त्याला सगळे धूरवाला म्हणत, त्रासलेला होता. सकाळी सहापासून सरांनी ध्वनीची चाचणी लावलीय, आवाज तसूभरही कमी करू देत नाहीत, असं तो बाईंच्या कानात ओरडून सांगत होता. सव्वातीनला तो चौथ्या भिंतीमागच्या पोकळीत कोरड्या बर्फाचा धूर सोडणार होता. तिथून धूर तळाच्या फटीतून खोलीत यायचा. त्या धुरात खाली वाकू नका, दम कोंडतो, अशी ताकीदही त्याने दिली.

"पोकळी?" ऑपरेटर म्हणाला. "सर तर भरीव म्हणाले."

"हातभर आहे हो," सर म्हणाले. "त्यात माणूस जात नाही."

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. ऑपरेटरने बाईंच्या हातातली बॅटरी घेतली आणि भिंतीवर फिरवली. करड्यावर करडं, काही कळेना. देवा, एकदाच दिसू दे, असं तो पुटपुटला. मग त्याची बॅटरी एका जागी थांबली.

वेली डावीकडे कलल्या होत्या. मधल्या दोन पट्ट्यांत मात्र उजवीकडे.

रीळ उलटं चढलं की त्याचा हात आपोआप यंत्र थांबवायच्या बटणाकडे जायचा. चाळीस वर्षांची सवय होती ती.

"मॅडम, आधी आवाज बंद करायला सांगा."

"चाचणी अर्धवट..." सर म्हणाले.

"बंद करा," बाई म्हणाल्या.

किंकाळ्या थांबल्या. सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. मग त्या दोन पट्ट्यांमागून, खालून, नखांनी खरवडल्यासारखा आवाज आला.

ऑपरेटरने कोपऱ्यातलं, तेही करडं रंगवलेलं, अग्निशामक नळकांडं उचललं आणि भिंतीवर घातलं. धूरवाला मदतीला धावला. कागद फाटला, फळी निघाली, फळीमागे दार निघालं. दाराला खोलीच्या बाजूने खिळे ठोकलेले होते, आणि पोकळीतून बाहेर जायची वाटही फळ्यांनी बंद केलेली होती. आत लेक अंग चोरून बसली होती. ओठ कोरडे, बोटांतून रक्त आलेलं. त्या सबंध घरात लाल रंग तेवढाच होता.

धूरवाल्याने स्वतःच जाऊन यंत्राची वायर उपटली. अँब्युलन्स येईपर्यंत लेकीचं डोकं मांडीवर घेऊन ऑपरेटर बसून होता. बाईंनी विचारलं, कसं ओळखलंत?

"सिनेमात या खोलीच्या तीनच भिंती दिसतात. चौथीच्या जागी कॅमेरा. ती भिंत दिसते फक्त आरशात, दोन सेकंद. आरशात सगळं उलटं, म्हणून हिने नक्षी उलटवून काढली. खरी भिंत तशीच असणार ना? त्यासाठी आम्ही बापलेक चार दिवस ते दृश्य थांबवून बसलो होतो. हे पट्टे तिच्या चित्रावरून छापले असते, तर डावीकडेच कलले असते. उजवीकडे कललेली वेल फक्त सिनेमातल्या आरशात आहे. आणि सरांच्या टेबलामागे."

"दार मी बंद केलं, मान्य," सर म्हणाले. त्यांचा चेहरा आता घरासारखाच करडा झाला होता. "पण आत ती आहे हे मला ठाऊक नव्हतं."

"मग सकाळपासून एवढा आवाज कशाला लावलात?" ऑपरेटरने विचारलं.



"ती त्या दाराची कडी तपासायला आत गेली असणार आणि तुम्ही दार लावलंत," बाई म्हणाल्या. "फोनसकट पर्स उचललीत. चपलांचं ध्यानात आलं नाही."

"उद्घाटन झालं की काढणार होतो. देवाशप्पथ."

"उद्घाटनाआधी धूर सोडला जाणार होता," ऑपरेटर म्हणाला. "तो कुठून जातो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?"

त्याला त्या माणसाचा गळा धरायचा होता. पण हात लेकीच्या डोक्याखाली होते, ते त्याने काढले नाहीत. बाईंनी सरांना बाहेर नेलं.

अँब्युलन्समध्ये लेकीला निजवलं. ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता. मदतनीस दार ओढू लागला तशी तिने बापाची बाही घट्ट धरली आणि ओठ हलवले. तो वाकला.

"बाबा, दार लावू नका ना."

दार उघडं ठेवून गाडी निघत नाही, असं मदतनीस हळूच म्हणाला. ऑपरेटरने आतून कडीवर हात ठेवला आणि लेकीचा हात उचलून आपल्या हातावर ठेवला.

"आपण दोघं मिळून लावू," तो म्हणाला. "तू सांगशील तेव्हा."

चार वाजायला पाच मिनिटं असताना लेकीने मान हलवली.